जेवणाचे पैसे कोणी दिले?

गेल्या महिन्यात एका रात्री इशाची नमाज संपून मशीद रिकामी झाली, तरी एक तरुण वजूखान्याच्या पायरीशी घुटमळत उभा होता. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. वडिलांचा यंत्रमागांचा छोटा कारखाना, घर नमाजी, मुलगा कष्टाळू. त्याने खिशातून एक पाकीट काढले, माझ्या हातात दिले आणि खाली पाहत म्हणाला, “मौलाना, यात तीन हजार चारशे रुपये आहेत. मशिदीच्या पेटीत टाकू नका. कुठे द्यायचे ते तुम्हीच ठरवा.”

हे पैसे कोठून आले, हे मला विचारावे लागले नाही. महिनाभरापूर्वी हाच तरुण आपल्या तीन मित्रांसह जोहरच्या आधी माझ्याकडे आला होता. सूतबाजार मंदावला होता, कारखान्यात फारसे काम नव्हते, म्हणून दोन रात्रींसाठी पणजीला जायचे चौघांनी ठरवले होते. मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांपैकी एकावर एक संध्याकाळ घालवायची होती. प्रवेशाचे तिकीट एकदाच काढायचे. त्यात जेवण, गाणेबजावणे आणि खेळण्यासाठी थोड्या रकमेच्या चिप अशी सारी सोय. त्यांचा प्रश्न सरळ होता. “आम्ही दारू पिणार नाही, पदरचा पैसा लावणार नाही. जेवू, पाहू, परत येऊ. फुकट मिळालेल्या चिप टाकल्या काय आणि ठेवल्या काय! यात गुनाह कोणता?”

मी म्हणालो, “जायचे नाही.” त्यावर त्यांच्यातील सर्वांत धाकटा म्हणाला, “हे तुम्ही म्हणाल, ते ठाऊकच होते. का नाही, ते सांगा.” तेवढ्यात अजान झाली आणि माझी सुटका झाली. मी सुटका हा शब्द जाणूनबुजून वापरतो. मला निर्णय माहीत होता; जो अल्लाहवर आणि अंतिम दिवसावर ईमान ठेवतो त्याने जेथे मद्याचे पेले फिरतात त्या दस्तरख्वानावर बसू नये, अशा आशयाची हदीस तिर्मिजीत आहे, आणि त्या जहाजांवर मद्य असतेच. पण मुलांनी निर्णय विचारला नव्हता, कारण विचारले होते, आणि त्या क्षणी त्यांना पटेल असे कारण माझ्याजवळ नव्हते. ते गेले. पुढील मजकूर हे त्यांना उशिरा दिलेले उत्तर समजावे.

ती जहाजे मी स्वतः पाहिली आहेत, अर्थात काठावरून. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या नातेवाइकांकडे लग्न होते. तेथून कोकण रेल्वेने आम्ही कुटुंबासह गोव्याला गेलो. फिरणे, पाहणे, सृष्टीचा विचार करणे हे आपल्या दीनमध्ये निषिद्ध नाही. पृथ्वीवर प्रवास करून पाहण्याची प्रेरणा पवित्र कुरआनात अनेक ठिकाणी दिलेली आहे, हे घरोघरच्या कर्त्या पुरुषांनी एकदा ध्यानात घ्यावे. आमच्या भिवंडीत कारखान्याची खडखड आणि गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकची रांग यांपलीकडे आकाश असते, हे मुलाबाळांना कधी दाखवलेच नाही, तर ती स्वतःच्या हिमतीने पाहायला जातात आणि मग कोठे जायचे ते मित्र ठरवतात.

मगरिबनंतर आम्ही पणजीच्या नदीकाठी आदिलशाही राजवाड्यासमोर उभे होतो. विजापूरच्या युसूफ आदिलशहाने इ. स. १५०० च्या सुमारास बांधलेली ही वास्तू पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान झाली आणि त्यानंतर अनेक वर्षे गोव्याची विधानसभा येथेच भरत असे. समोर काळ्या पाण्यात ती जहाजे लाल-निळ्या दिव्यांनी लखलखत होती. शहर मात्र शांत होते. लोक बाकांवर बसून गप्पा मारत होते, होड्यांतून माणसे त्या जहाजांकडे निमूटपणे जात होती. आरडाओरड नाही, भांडण नाही. माझ्या आठ वर्षांच्या मुलाने विचारले, “अब्बू, आपण जायचे का त्यावर?” मी म्हणालो, “ते आपल्यासाठी नाही.” तो म्हणाला, “मग कोणासाठी आहे?”

मुलाचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा फार कठीण निघाला. गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगाराचा कायदा १९७६ चा; त्याचा मूळ हेतू जुगार रोखणे हाच होता. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवण्यास वाट मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पटावरील खेळांची मुभा दिली. कायद्याच्या भाषेत ही जहाजे किनाऱ्यापासून दूरची, ऑफशोअर. प्रत्यक्षात ती नदीत उभी आहेत, आणि ज्या वास्तूत तेव्हाची विधानसभा भरत होती तिच्या खिडक्यांतून दिसतात. मग २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवा सरकारने आपल्याच रहिवाशांना कॅसिनोच्या जुगारघरात प्रवेश बंद केला. आता ती केवळ पर्यटकांसाठी आहेत. म्हणजे माझ्या मुलाच्या प्रश्नाचे सरकारी उत्तर असे आहे की ते गोव्याच्या मुलांसाठी नाही; भिवंडीच्या, पुण्याच्या, बेळगावच्या मुलांसाठी आहे.

यावर थोडे थांबावेसे वाटते. जी वस्तू घरच्यांच्या ताटात वाढायला मन धजत नाही, ती पाहुण्याच्या ताटात वाढणे याला आपल्या संस्कृतीत, मग ती मराठी म्हणा की इस्लामी, आदरातिथ्य म्हणत नाहीत. प्रेषित (स.) यांनी शिकवले की माणूस स्वतःसाठी जे पसंत करतो ते आपल्या बांधवासाठी पसंत करीपर्यंत त्याचे ईमान पूर्ण होत नाही. येथे त्याच्या बरोबर उलट चालले आहे. आपल्या महाराष्ट्राने याच १९७६ साली कॅसिनोंना परवानगी देणारा आणि कर लावणारा एक कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. या बाबतीत आपले राज्य शहाणे निघाले, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र मटक्याच्या चिठ्ठ्या आपल्या गल्ल्यांत कशा फिरत, हे ज्येष्ठांना विचारल्यास तो अभिमान फार टिकणार नाही. त्या मटक्याचे मूळही आपल्याच धंद्यात आहे. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या दरांवर मुंबईत पैसे लावले जात. ते दर येणे थांबले, तसे १९६० च्या दशकात आकडे काढण्याच्या नव्या युक्त्या निघाल्या. ‘कल्याण’ हे नाव शेजारच्या शहराचे नव्हे, कल्याणजी भगत या मटकेवाल्याचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुरआनाने जुगारासाठी ‘मैसिर’ हा शब्द वापरला आहे, आणि तो शब्द ज्या खेळाला लावला जात होता तो आपण समजतो तेवढा बटबटीत नव्हता. इस्लामपूर्व अरबस्तानात कडाक्याच्या थंडीच्या, टंचाईच्या दिवसांत काही प्रतिष्ठित माणसे एकत्र येत. उधारीवर उंट घेऊन तो कापला जाई. पिशवीत दहा बाण असत. सातांवर एकपासून सातपर्यंत हिस्से ठरलेले, तीन कोरे. ज्याच्या नावाने हिश्श्याचा बाण निघे तो मांस जिंकी. ज्यांच्या वाट्याला कोरे बाण येत त्यांनी उंटाची सारी किंमत भरायची. आणि जिंकणारे ते मांस स्वतः खात नसत, गोरगरिबांना वाटून टाकत! जो या खेळात भाग घेत नसे त्याला कंजूष म्हणून हिणवले जाई. वाचकहो, आजच्या भाषेत हा जवळजवळ धर्मादाय कार्यक्रमच होता. म्हणूनच सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत मद्य आणि जुगार यांत लोकांना काही लाभही आहेत, हे नाकारलेले नाही; त्यांतील पाप लाभाहून मोठे आहे, एवढेच सांगितले आहे.

मदरशात ही आयत शिकताना मला नेहमी वाटे की अल्लाहने हा लाभ मान्य का केला असावा. आता वाटते की जुगाराची बाजू मांडणारा प्रत्येक जण त्या लाभाचेच बोट धरून येतो. आजही तेच मांस वाटले जाते, फक्त भाषा बदलली आहे. रोजगार मिळतो, पर्यटन वाढते, सरकारला कर मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला आहे. तो पैसा रस्त्याला, शाळेलाही लागत असेल. हे सारे खरे मानू. प्रश्न इतकाच उरतो की उंटाची किंमत कोणी भरली?

त्या मुलांना मी हेच सांगायला हवे होते. तुम्ही जहाजावर जेवलात, गाणे ऐकलेत, नदीवरचा वारा खाल्लात. त्या जेवणाचे पैसे कोणी दिले? तुम्ही म्हणाल, तिकीट आम्ही काढले. पण इतके मोठे जहाज, शेकडो नोकर, दिव्यांची आरास आणि सरकारचे भलेमोठे परवाना शुल्क हे काही तुमच्या तिकिटावर चालत नाही. ते शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसावर चालते.

रूलेटचे चक्र घ्या. युरोपीय पद्धतीच्या चक्रात शून्यासह ३७ घरे असतात. एका घरावर पैसे लावणाऱ्याला जिंकल्यास लावलेल्या रकमेच्या ३५ पट रक्कम मिळते आणि लावलेली रक्कम परत मिळते. खेळ बरोबरीचा असता तर ती ३६ पट असायला हवी होती. तो एक हिस्सा घराचा. हिशेब केला तर लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे चालकाकडे जातात. हे ऐकायला किरकोळ वाटते, आमच्या सूत दलालीसारखे. पण दलाली एका सौद्यावर एकदाच कापली जाते. येथे तेच शंभर रुपये माणूस रात्रभर पुन्हा पुन्हा लावतो. शंभर वेळा लावले की दहा हजारांचा खेळ झाला आणि हिशेबाने दोनशे सत्तर रुपये गेले, म्हणजे होते त्यापेक्षा जास्त. तेव्हा जहाजाचा मालक जुगार खेळतच नाही. त्या साऱ्या जहाजावर नशिबावर अवलंबून नसलेला तो एकटाच आहे.

आणि तुम्ही? तुम्ही त्या खोलीची शोभा होता. जेथे केवळ हरणारी माणसे बसली आहेत, अशा खोलीत कोणी शहाणा पाऊल टाकणार नाही. हसणारी, जेवणारी, सहज आलेली सभ्य माणसे तेथे असावी लागतात, म्हणजे हरणाऱ्याला आपणही त्यांच्यातलेच आहोत असे वाटत राहते. बी.ए.ला मराठी घेतले तेव्हा गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आम्हाला अभ्यासाला होते. त्या नाटकाचे नावच पाहा. बुडणारा सुधाकर पहिल्या प्याल्यापाशी बुडायला गेलेला नव्हता. आणि तळीराम त्याच्याशी शत्रुत्वाने वागला नव्हता, सोबत करीत होता.

सूरह अल-माइदाच्या ९१ व्या आयतीत सांगितले आहे की मद्य आणि जुगार यांच्या द्वारे सैतान तुमच्यात वैर आणि द्वेष पेरू इच्छितो, अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून तुम्हाला रोखू इच्छितो. यावर मुले सहज म्हणतील, आणि एक म्हणालाही, “मौलाना, तेथे कोणी भांडत नव्हते. आम्ही मगरिबची नमाज पढूनच चढलो.” नमाज पढून गेला, ही गोष्ट मी हसण्यावारी नेत नाही, जाताना त्याचे मन टोचत होते, याची ती साक्ष आहे. पण वैर नेहमी आरोळी ठोकूनच येते असे नाही. उंटावर बाण टाकणारे दहा जण एकमेकांचे चेहरे पाहत होते. हरलेल्याचा उतरलेला चेहरा जिंकणाऱ्याला दिसत होता. कॅसिनोने तोही दूर केला. तुम्ही जिंकता तेव्हा ते पैसे यंत्रातून, खिडकीतून, हसतमुख कर्मचाऱ्याच्या हातून येतात. ज्याचे गेले तो तुम्हाला दिसतच नाही. एखाद्याच्या नुकसानीची आशा धरायची आणि तो माणूस आहे हे ठाऊकही नसायचे, याला वैर नाही तर काय म्हणावे, हे मला सुचत नाही. उघडे वैर त्याच्या घरी गेल्यावर सुरू होते, बायकोच्या तोंडावर, बापाच्या दारात. हे आपल्याच ग्रंथांत आहे असे नाही; ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्तातही घर असेच मोडलेले आहे.

चौघांपैकी एकाने दुसरा मुद्दा काढला होता, आणि तो भिवंडीचा खास मुद्दा आहे. “आमचा धंदा तरी काय वेगळा? आज चढ्या भावाने सूत घेतो, महिन्याने कापड विकायला काढतो तोवर भाव पडलेला. हाही जुगारच.” बाजाराचे चटके बसलेल्या मुलाला मी उपदेश करून गप्प करणार नाही. जोखीम दोन्हीकडे आहे, हे खरे. पण कारखान्यात तोटा झाला तरी रात्रअखेर ठाणभर कापड जगात जास्त झालेले असते. कामगाराला मजुरी मिळालेली असते, कोणाच्या तरी अंगावर ते कापड जाणार असते. आणि विकणारा व घेणारा दोघांचेही भले होण्याची वाट खुली असते. जहाजावर पहाट होते तेव्हा काहीच नवे तयार झालेले नसते. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात गेले, एवढाच रात्रीचा हिशेब.

तरीही त्या मुलाच्या बोलण्यात एक काटा होता, आणि तो माझ्या वयाच्या व माझ्याहून मोठ्या माणसांना टोचायला हवा. गोदामात गाठोडे नाही, ताबा घेतलेला नाही, घेण्याचा विचारही नाही, आणि तरी कागदावर सूत चारदा विकले जाते. फक्त भावातील फरक घेतला-दिला जातो. माल ताब्यात येण्यापूर्वी तो पुढे विकण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. ज्या घरात बाप असा सट्टा करतो आणि त्याला व्यापार म्हणतो, त्या घरातील मुलाला पणजीच्या जहाजाविषयी बोलण्याचा त्या बापाला किती अधिकार राहतो? मोबाइलवरील पैशाच्या खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभर बंदीचा कायदा झाला, तेव्हा अनेक घरांत सुटकेचा श्वास सोडला गेला. परंतु कायदा मुलाच्या हातातील खेळ बंद करतो. घरात ऐकलेली पैशाची भाषा तो बदलू शकत नाही.

आता फुकट चिपांचा प्रश्न, आणि त्यासोबत त्या पाकिटाचा. फिकहच्या दृष्टीने किमार म्हणजे असा व्यवहार, ज्यात माणूस एकतर दुसऱ्याचे घेईल किंवा स्वतःचे गमावील. चिपांची किंमत तिकिटातच धरलेली असेल, तर ती फुकट नाहीच; ती त्याने लावलेली रक्कम झाली. ती खरोखरच भेट असेल, तर त्याने स्वतःचे काही पणाला लावले नाही, हे मी मान्य करतो, आणि पदरचा पैसा लावणाऱ्याच्या पंक्तीला त्याला बसवीत नाही. परंतु जिंकलेले तीन हजार चारशे आले कोठून? जहाजाच्या तिजोरीतून. आणि तिजोरीत कोठून, हे वर सांगितले आहे.

हजरत अबूबक्र (र.) यांची एक घटना तफसीरच्या ग्रंथांत येते. रोमन लोक इराण्यांकडून पराभूत झाले होते आणि काही वर्षांत ते पुन्हा विजयी होतील, असे कुरआनाने सांगितले. मक्केच्या एका सरदाराशी त्यांनी यावर उंटांची पैज लावली. तेव्हा पैजेची मनाई आलेली नव्हती. भाकीत खरे ठरले, उंट मिळाले, आणि एका कथनानुसार प्रेषितांनी (स.) ते सदका करून टाकण्यास सांगितले. कुरआनाच्या सत्यतेवर लावलेली, मनाईच्या आधीची पैज, आणि तरी ते उंट घरात ठेवले गेले नाहीत.

मी त्या तरुणाला म्हणालो, “ज्यांचे पैसे आहेत त्यांचा पत्ता नाही, त्यामुळे परत करता येणार नाहीत. गरजूला देऊन टाकायचे. पण सवाबची नियत करायची नाही. हे तुझे दान नव्हे, तुझ्या हातात आलेले दुसऱ्याचे ओझे आहे.”

तो म्हणाला, “म्हणजे मला काहीच मिळणार नाही?”

“या पैशांचे नाही. पण एक वेगळी हदीस आहे, बुखारी आणि मुस्लिम दोघांत, हजरत अबू हुरैरा (र.) यांच्याकडून. जो आपल्या सोबत्याला नुसते ‘चल, जुगार खेळू’ असे म्हणतो, त्याने सदका द्यावा. खेळणे तर दूरच, म्हटल्याबद्दलच. आता सांग, चौघांत तसे कोण म्हणाले?”

तो बराच वेळ वजूखान्याच्या नळाकडे पाहत राहिला. नळ नीट बंद झालेला नव्हता. त्याने जाऊन तो घट्ट केला आणि परत आला.

“मीच म्हणालो होतो.”

त्या पाकिटातील पैसे मी आठवड्याभरात एका माग कामगाराच्या औषधांसाठी दिले. त्याच्या पत्नीने कोणी दिले असे विचारले, तेव्हा देणाऱ्याचे नाव मला माहीत नाही, असे मी सांगितले, आणि ते खरेच होते. तो तरुण मात्र पुढच्या शुक्रवारी पुन्हा आला. या वेळी हातात पाकीट नव्हते. पगारातून बाजूला काढलेली एक छोटी रक्कम त्याने स्वतः मशिदीच्या पेटीत टाकली. बाकीच्या तिघांनाही ही हदीस सांगू का, असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, “सांग. पण त्यांना सदका द्यायला लावू नकोस, बोलावणारा तू होतास.”